आकडा भिंतीवर, कारभार पंख्याकडे

कार्यालयातला एसीचा वाद बहुतेक वेळा आकड्यावर येऊन ठेपतो. एकाला २२ हवेत, दुसऱ्याला २६. आणि आकडा खाली ओढला की जास्त गार हवा येते, असा दोघांचाही समज. मोठ्या इमारतीत तसं होत नाही. चिलरमधून साधारण ७ अंशांचं पाणी निघतं, मजल्यावरच्या एएचयूच्या, म्हणजे हवा गार करून डक्टमध्ये ढकलणाऱ्या यंत्राच्या, कॉइलमधून फिरतं आणि १२ अंशांच्या आसपास तापून परततं. पंखा खोलीतली हवा या कॉइलवरून ओढतो आणि १३-१४ अंशांना आणून डक्टमध्ये सोडतो. सेन्सरने मोजलेलं तापमान कंट्रोलर सेट पॉइंटशी ताडून पाहतो आणि पाण्याचा व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडतो. सकाळी मजला तापलेला असताना २४ च्या सेटिंगलाही व्हॉल्व्ह पूर्ण उघडाच असतो. तिथे १८ केल्याने पाणी अधिक गार होत नाही. कुठे थांबायचं तेवढं आकडा सांगतो.

खरा प्रश्न पुढे, भार कमी झाल्यावर येतो. पावसाळ्यात ऊन नसतं, निम्मी माणसं घरी गेलेली असतात. आता थंडी कमी करायची तर दोन वाटा आहेत. पंखा त्याच वेगाने ठेवून पाणी कमी करायचं, किंवा पाणी तसंच ठेवून हवा कमी करायची. पहिल्या वाटेने कॉइल कोमट होते, आणि कोमट कॉइलवर बाष्प धरत नाही. मुंबई-पणजीच्या जुलैत याचा अर्थ स्पष्ट आहे: तापमान बरोबर, पण हवा दमट आणि अंगाला चिकटणारी. लोक मग आकडा आणखी खाली नेतात आणि गारठूनही चिकचिकतात. साध्या डक्टेबल एसीत याच दोषाचं दुसरं रूप दिसतं. कॉम्प्रेसर थांबतो, पंखा मात्र चालूच राहतो आणि कॉइलवर साचलेलं पाणी पुन्हा खोलीत उडवतो. दुसऱ्या वाटेने कॉइल गार राहते, हवा कमी जाते पण कोरडी होऊन जाते. शिवाय पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते: वेग ८० टक्क्यांवर आणला तर हिशेबाने वीज निम्म्यावर येते. डक्टमध्ये ठरावीक दाब राखावा लागत असल्याने प्रत्यक्षात बचत थोडी कमी भरते, तरी पंख्याचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीचा खर्च पटावा इतकी असते.

यावर पहिला आक्षेप ताज्या हवेचा. पंखा मंदावला तर बाहेरची हवाही कमी येणार, हे खरं आहे. म्हणूनच वेगाला खालची मर्यादा घालतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरवरून ताज्या हवेचा डॅम्पर उघडतात. दुसरा आक्षेप असा की फार कमी वेगाची गार हवा पसरत नाही, जाळीखाली बसलेल्याच्या डोक्यावर पडते. तोही रास्त आहे. त्याचं उत्तर योग्य डिफ्यूझर निवडण्यात आहे, पंखा कायम पूर्ण वेगाने पळवण्यात नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: आकडा इतका दुय्यम असेल, तर १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या घरगुती एसींना २४ अंशांचं डिफॉल्ट सेटिंग सक्तीचं का झालं? कारण बिलाच्या दृष्टीने आकडा दुय्यम नाहीच. आत-बाहेरच्या तापमानातला फरक जितका कमी, तितकी भिंतीतून, काचेतून येणारी उष्णता कमी आणि यंत्रावरचा बोजाही कमी.

पण २४ चा आकडा माणसं तेव्हाच स्वीकारतात, जेव्हा त्या तापमानाची हवा कोरडी असते. दमट मजल्यावर २४ चा फलक लावला, तर दुपारपर्यंत कुणीतरी रिमोट शोधतोच. म्हणून इमारत सांभाळणाऱ्यांनी परिपत्रक काढण्याआधी एवढं तपासावं: भार उतरल्यावर पंखा मंदावतो का, कॉम्प्रेसर थांबल्यावर पंखाही थांबतो का, आणि सेन्सर माणसांच्या जवळची हवा मोजतो की प्रिंटरमागची. या तिन्हींचं उत्तर समाधानकारक असेल, तरच २४ चा आग्रह धरण्यात अर्थ आहे.