सुरतेस न पोहोचलेला प्रवासी

दिवाळीच्या सुटीत एखादे जुने, आवडते पुस्तक पुन्हा हाती घ्यावयाचे, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. सुरतेची थंडी ती काय! एका चादरीने भागते. परंतु गोडादऱ्यात या दिवसांत जी शांतता पसरते, ती वाचनास फार अनुकूल असते. यंत्रमाग थांबलेले असतात, कापडबाजार लाभपंचमीपर्यंत मिटलेला असतो, आणि आमच्या वस्तीतील बरीचशी मराठी बिऱ्हाडे उधन्याहून नंदुरबार, अमळनेर, जळगावच्या बाजूस आपापल्या गावी गेलेली असतात. यंदा आम्ही जोनाथन स्विफ्टचा गलिव्हर पुन्हा वाचला.

या ग्रंथास कोणी उपरोधाचा ग्रंथ म्हणतात, कोणी बालवाङ्मयात घालतात. आमच्या मते तो सर्वांआधी एक विनोदी अद्भुत कादंबरी आहे, आणि त्यातील विनोद नेमका कोठे आहे हे दुसऱ्या-तिसऱ्या वाचनावाचून कळत नाही. पहिल्या वाचनात आपण बुटक्यांना हसतो. पुढे कधी तरी ध्यानात येते की, हसण्याजोगा आहे तो सांगणारा गलिव्हरच. तो स्वतः कधीही हसत नाही. अशक्य गोष्ट सांगताना तो तारीख देतो, जहाजाचे नाव देतो, कप्तानाचे नाव व गाव देतो, वाऱ्याची दिशा देतो. आणि एवढा पुरावा पुढे ठेवल्यावर सहा इंचांहून कमी उंचीची माणसे सांगतो. लिलिपुटचे गणिती त्याच्या व आपल्या उंचीचे प्रमाण बारास एक असे काढतात आणि त्याच्या देहात आपली १७२८ माणसे मावतील, सबब तितक्यांचे अन्न त्यास द्यावे, असे ठरवितात. काही प्रतींत हा आकडा १७२४ असा छापलेला आढळतो. परंतु बाराचा घन १७२८ होतो हे पाचवीचे मूलही सांगेल. थापेतही घनफळ चुकता कामा नये, ही जी शिस्त आहे, तीत या ग्रंथाचे हास्य साठविलेले आहे.

या गांभीर्याच्या जुळणीत आमच्या सुरतेचा वाटा आहे, हे सुरतेत राहणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. पहिल्या भागाच्या अखेरीस गलिव्हर तीनशे टनांच्या ‘ॲडव्हेंचर’ नामक व्यापारी जहाजावर चढतो, ते जहाज सुरतेस निघालेले असते. दुसऱ्या भागाच्या आरंभी हीच गोष्ट तो पुन्हा सांगतो: २० जून १७०२ रोजी डाउन्स येथून सुरतेकडे प्रयाण. इंग्रजांची वखार सुरतेत सतराव्या शतकाच्या आरंभापासून होती. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांची स्वारी सुरतेवर आली, तेव्हा ती वखार इंग्रजांनी लढवून राखली. १६८७ मध्ये कंपनीचे मुख्य ठाणे मुंबईस हलले, तरी लंडनच्या वाचकास सुरत हे नाव मालाच्या यादीत नेहमी दिसणारे असेच होते. १७२६ च्या ऑक्टोबरात ग्रंथ प्रसिद्ध झाला, तोही स्विफ्टच्या नावावाचून, जणू गलिव्हर नामक खऱ्याच दर्यावर्द्याची रोजनिशी असावी असा. अशा ग्रंथात ‘जहाज सुरतेस निघाले’ हे वाक्य म्हणजे साक्षीदाराने शपथ घेतल्यासारखे आहे. एका बिशपाने हे पुस्तक असंभाव्य थापांनी भरलेले असून आपला त्यातील एका शब्दावरही फारसा विश्वास बसत नाही असा अभिप्राय दिला, हे स्विफ्टने एका पत्रात लिहून ठेवले आहे. बिशप खरोखर रागावले होते की तेही थट्टेत सामील होते, कोण जाणे.

जहाज केप ऑफ गुड होपला पोहोचते. तेथे गळती सापडते, कप्तान हिवतापाने आजारी पडतो, आणि मंडळी मार्चअखेरपर्यंत तेथेच ‘हिवाळा काढतात’. (भूगोलाच्या शिक्षकांनी हसावे, त्या महिन्यांत केपला उन्हाळा असतो.) मग मादागास्करच्या उत्तरेस १९ एप्रिल १७०३ रोजी वारे सुटतात, पाठोपाठ दक्षिणेचा मोसमी वारा उठतो, आणि जहाज पूर्वेकडे भलतीकडेच फेकले जाते. या वादळाचे वर्णन खलाशांच्या परिभाषेने इतके ठासून भरले आहे की, सामान्य वाचकास त्यातील एक ओळ समजू नये. ते स्विफ्टने सॅम्युएल स्टर्मी याच्या १६६९ मधील नौकानयनाच्या ग्रंथातून जवळजवळ जसेच्या तसे उचलले आहे. चोरी खरी, पण कोणत्या कामी! वाचकाने शब्दांपुढे मान तुकवावी, आणि मान वर करावी तो समोर साठ-सत्तर फुटी माणसांचा देश.

आता आमची तक्रार सांगावयास हरकत नाही. यंदा आमच्या वाचनास एक श्रोता लाभला. शेजारची चौथीतील मुलगी. वडील पहारेकरी असल्याने सुटीतच त्यांचे काम वाढते, म्हणून हे बिऱ्हाड गावी गेले नव्हते. तिच्याजवळ गलिव्हरची एक पातळशी संक्षिप्त मराठी आवृत्ती होती. ती चाळून पाहता आढळले की, दुसऱ्या भागातून तारीख, जहाज, कप्तान, गळती, वारे आणि सुरत ही सर्व गाळून संपादकांनी गलिव्हरला एकदम राक्षसांच्या देशात उभे केले आहे. मुलांना कंटाळा येऊ नये हा हेतू असणार. परंतु अशाने जे उरते ती नुसती राक्षसाची गोष्ट. राक्षसाच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत व त्या अधिक चांगल्या आहेत. कुंभकर्णापुढे ब्रॉब्डिंगनॅगच्या शेतकऱ्याचा काय पाड! कुंभकर्ण कोणत्या तारखेस झोपला हे कोणी सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. गलिव्हरमध्ये मात्र तारीख काढली की हसू निघून जाते.

म्हणून आम्ही गाळलेला मजकूर मराठीत सांगत सांगत तिला वाचून दाखविला. सुरतेचे नाव येताच ती दचकली. आपले गाव छापील गोष्टीत, तेही इंग्रजी गोष्टीत, असू शकते हे तिला नवे होते. त्यानंतर तिने प्रत्येक आकडा तपासून घेतला. गलिव्हर चाळीस फूट उंचीच्या पिकात अडकतो आणि विळे घेतलेले सात कापणीवाले त्याच्या रोखाने येऊ लागतात, हा प्रसंग ऐकून ती म्हणाली, ‘‘सर, आमच्या गावाकडे ज्वारीत मी अशीच हरवले होते.’’ पिकाची उंची किती, हे तिने दोन्ही हात वर करून दाखविले. हे चित्र स्विफ्टच्या कोणत्याही टीकाकाराने आम्हांस इतके स्पष्ट करून दिले नव्हते.

पण आमच्या मनात घोळत राहिला तो ग्लमडालक्लिच हिचा भाग. शेतकऱ्याची ही नऊ वर्षांची मुलगी चाळीस फूट उंच आहे, व गलिव्हर गंभीरपणे नोंदवितो की, वयाच्या मानाने ती लहानखुरी होती. बाप गलिव्हरला गावोगाव पैसे घेऊन दाखवीत फिरतो. मुलगी त्याला भाषा शिकविते. तो वस्तूकडे बोट दाखवितो, ती नाव सांगते. परक्या देशात टिकून राहण्यापुरती भाषा त्यास एका मुलाकडून मिळते, आणि तिला तो आपली शिक्षिका म्हणतो. गोडादऱ्यात हा प्रसंग वाचताना अद्भुत असे काहीच वाटत नाही. येथे घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती आणि कारखान्यात हिंदी. रुग्णालयातील पाटी आईला वाचून दाखविणारी, वीजबिलावरचा गुजराती मजकूर बापाला समजावून देणारी मुले आम्ही रोज पाहतो. गावी दिवाळीस ‘सुरतवाला’ म्हणून ज्याचे कौतुक होते, तोच माणूस येथे परतल्यावर खिडकीपुढे आठ वर्षांच्या मुलाचे बोट धरून उभा असतो. बारास एक आणि एकास बारा, हे प्रमाण त्यास एका रात्रीच्या गाडीत अनुभवास येते. आमच्या श्रोत्रीस यातील काही जाणवले की नाही, आम्ही विचारले नाही. इतकेच दिसले की, ग्लमडालक्लिच हे नाव तिने दुसऱ्याच प्रयत्नात बिनचूक उच्चारले. आम्हांस अजून अडखळावयास होते.

तिसरा व चौथा भाग सुटी संपण्यापूर्वी आम्ही एकट्यानेच वाचले. ते अधिक कडू आहेत, आणि चौथ्यात हसू अखेरपर्यंत टिकते असे आम्ही म्हणणार नाही.

गरुडाने पेटी उचलून नेली, ती समुद्रात पडली, जपानहून परतणाऱ्या इंग्रजी जहाजाने गलिव्हरला वाचविले आणि ३ जून १७०६ रोजी तो डाउन्सला परत आला, येथवर वाचून आम्ही पुस्तक मिटले, तेव्हा मुलीने विचारले, ‘‘पण सर, तो सुरतेला कधी आला?’’ आम्ही पाने उलटली. दोनच महिन्यांनी तो पुन्हा निघतो. ११ एप्रिल १७०७ रोजी तो मद्रासेच्या फोर्ट सेंट जॉर्जला उतरतो, तेथे तीन आठवडे राहतो, आणि पुढे तोंकिनला जातो. सुरतेस तो आलाच नाही, असे सांगावे लागले. ‘‘मग माल कोणी उतरवला?’’ तिने विचारले. हा प्रश्न दोनशे नव्याण्णव वर्षांच्या टीकेत कोणी विचारला असेल, तर तो आमच्या वाचनात आलेला नाही.