हलक्या स्पोर्ट्‌स कारमधील झिजलेले अवमंदक व त्यांची बदली : वऱ्हाडातील रस्त्यांच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : निलंबन, अवमंदन गुणोत्तर, क्रांतिक अवमंदन, काळी माती, शॉक अ‍ॅब्सॉर्बर

प्रस्तावना

जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्ग जगभर चर्चेत आला. अमरावती जिल्ह्यातील लोणीपासून अकोला जिल्ह्यातील मान्यापर्यंत ७५ किलोमीटर लांबीच्या एकेरी मार्गिकेवर डांबरी काँक्रीटचा थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत घालण्यात आला आणि या कामाची नोंद गिनेस विश्वविक्रमांत झाली. तत्पूर्वी अनेक वर्षे हाच रस्ता प्रवाशांच्या मणक्यांची आणि वाहनांच्या निलंबनाची कसोटी पाहत होता, हे या भागातील प्राध्यापकवर्गाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि महामार्ग गुळगुळीत झाला म्हणून अवमंदकांचे, म्हणजेच गॅरेजच्या भाषेतील 'शॉकअप'चे, महत्त्व कमी झाले असे मानणे चुकीचे ठरते. खराब रस्त्यावर वाहनचालक आपोआप सावकाश चालतो. चांगल्या रस्त्यावर तो ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर वेगाने जातो आणि त्या वेगात झिजलेला अवमंदक अधिक घातक ठरतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट वाहनप्रकाराच्या आधारे केला आहे. जुन्या घाटाची, वजनाने हलकी, दोन आसनी, उघडी स्पोर्ट्‌स कार हा तो प्रकार होय. अशी वाहने संख्येने अत्यल्प असतात. परंतु त्यांच्या हलकेपणामुळे अवमंदकाचे कार्य त्यांच्यात जितके स्पष्ट दिसते तितके जड सलून गाडीत दिसत नाही. शिवाय त्यांचे सुटे भाग दुकानात तयार मिळत नसल्याने बदली करणाऱ्याला तत्त्व समजून घेण्यावाचून गत्यंतर नसते.

वाहनाची परंपरा

या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे इंग्लंडमधील कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये आणलेली लोटस सेव्हन. सुमारे ५०० किलो वजनाची, नळ्यांच्या सांगाड्यावर पत्र्याचे पातळ आवरण चढविलेली ही गाडी पुष्कळदा सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकली जाई आणि ग्राहक ती घरीच जोडीत असे. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. महाराष्ट्रात याच धाटणीची गाडी अलिबागच्या चिंकारा मोटर्सने बनविली. फायबरग्लासचे अंग, उघडा माथा आणि अँबेसेडरमध्ये वापरले जाणारे १.८ लिटरचे इसुझु पेट्रोल इंजिन अशी तिची रचना होती. गोव्यात विसाव्या शतकाच्या अखेरीस तयार होऊ लागलेली, रेनो इंजिनाची सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडीदेखील याच हलक्या कुळातील, जरी तिचे बाह्यरूप जुन्या घाटाचे नव्हते.

या गाड्यांचे अनेक अवयव इतर वाहनांकडून घेतलेले असतात. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तेव्हापासून तो आधारही क्षीण झाला. छोट्या निर्मात्याची गाडी घेणाऱ्यास पुढे सुट्या भागांसाठी वणवण करावी लागते, ही वस्तुस्थिती आहे. अशा वेळी लांबी जुळते म्हणून एखाद्या प्रचलित सलून गाडीचा शॉकअप बसविण्याचा मार्ग सुचविला जातो. तो कितपत योग्य, हे पुढील गणितावरून ठरविता येते.

स्प्रिंग साठवते, अवमंदक संपवतो

'शॉक अ‍ॅब्सॉर्बर' या नावाने एक गैरसमज रूढ केला आहे. धक्का प्रत्यक्षात शोषते ती स्प्रिंग आणि टायर. खड्ड्यात चाक गेले की स्प्रिंग दबते, ऊर्जा साठविते आणि लगेच परत करते. अवमंदक नसेल तर गाडी पाळण्यासारखी झुलत राहील. अवमंदकातील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून व पातळ झडपांतून जाण्यास भाग पाडतो. त्या घर्षणात गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावला असता तो गरम लागतो. तो गरम होतो याचा अर्थ तो काम करीत आहे.

उदाहरणादाखल एका चाकावर येणारे गाडीचे वजन २०० किलो आणि चाकाच्या ठिकाणी मोजलेला स्प्रिंगचा ताठपणा २० न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजे २०,००० न्यूटन प्रति मीटर धरू. ताठपणाला वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढल्यास कोनीय वारंवारता १० रेडियन प्रति सेकंद येते. म्हणजे गाडीचे अंग सेकंदाला सुमारे १.६ वेळा झुलू पाहते. ज्या किमान अवमंदनाने हे झुलणे मुळीच होत नाही त्यास क्रांतिक अवमंदन म्हणतात. ते ताठपणा व वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या दुप्पट असते. येथे ते ४,००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर येते. रस्त्यावरील गाडीत त्याच्या साधारण तीस टक्के, म्हणजे १,२०० इतके अवमंदन ठेवले तर प्रत्येक आवर्तनाला झोक्याचा विस्तार आधीच्या सुमारे १४ टक्के उरतो. एका झोक्यानंतर गाडी जवळजवळ स्थिर होते. तेल गळून वा झडपा झिजून अवमंदन गुणोत्तर ०.३ वरून ०.१ वर आले, तर प्रत्येक पुढचा झोका आधीच्या ५३ टक्के असतो. चौथ्या-पाचव्या झोक्यापर्यंत गाडी हलत राहते. द्वितीय श्रेणीचे विकलक समीकरण शिकविणाऱ्या गणिताच्या अध्यापकांना फळ्यावरच्या आलेखाचे याहून चांगले उदाहरण महाविद्यालयाच्या वाहनतळाबाहेर शोधावे लागणार नाही.

आता सलून गाडीचा शॉकअप घेऊ. तेथे एका चाकावर ३५० किलो आणि ताठपणा २८ न्यूटन प्रति मिलिमीटर असल्यास क्रांतिक अवमंदन सुमारे ६,२६० येते व त्याचे तीस टक्के म्हणजे जवळपास १,८८०. हाच शॉकअप हलक्या गाडीला लावल्यास तिचे गुणोत्तर ०.४७ होते. गाडी 'कडक' लागते, मालक खूश होतो, कारण कडक म्हणजे स्पोर्टी असा समज आहे. परंतु लहान लहान उंचवट्यांवर चाक रस्त्याचा आकार घेईनासे होते आणि ज्या क्षणी ते रस्ता सोडते त्या क्षणी ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी ठरतात. पहिल्या पावसात रस्ता निसरडा असताना याचे परिणाम काय होतील, हे सांगण्यास गणिताची गरज नाही. म्हणून झिजलेल्या अवमंदकाइतकाच चुकीचा नवा अवमंदकही धोक्याचा आहे.

या आकडेमोडीत एक उपकलम आहे आणि गॅरेजमध्ये नेमके तेच विसरले जाते. लोटस सेव्हनच्या धाटणीत शॉकअप चाकावर उभा नसतो. तो भुजेच्या मधल्या भागाला तिरपा जोडलेला असतो. चाक १० मिलिमीटर वर गेले असता शॉकअप ७ मिलिमीटरच दबत असेल, तर चाकाशी मिळणारे अवमंदन शॉकअपच्या स्वतःच्या अवमंदनाच्या ०.७ च्या वर्गाइतके, म्हणजे ४९ टक्केच असते. हा कोन न मोजता केलेली कोणतीही निवड हा निव्वळ अंदाज होय.

काळ्या मातीचा रस्ता

वऱ्हाडातील कपाशीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते. ओलाव्यातील हा बदल रस्त्याच्या कडांना आधी पोहोचतो. म्हणून कडा खचतात आणि पृष्ठभागावर लांब लाटा उमटतात. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला १२.५ मीटर अंतराच्या लाटा लागल्या, तर सेकंदाला १.६ वेळा धक्का बसतो. उपरोक्त गाडीची नैसर्गिक वारंवारता नेमकी तीच. हा अनुनाद होय. येथे गाडीला सावरणारा केवळ अवमंदकच असतो.

दुसरी वारंवारता चाकाची आहे. चाक, ब्रेक व भुजा मिळून ३० किलो आणि टायरचा ताठपणा १८० न्यूटन प्रति मिलिमीटर धरल्यास चाक सेकंदाला सुमारे १३ वेळा थरथरते. हलक्या गाडीत चाकाचे वजन अंगाच्या वजनाच्या तुलनेत बरेच असते (येथे १५ टक्के), त्यामुळे ही थरथर अंगापर्यंत ठळकपणे पोहोचते. टायरच्या परिघावर ठिकठिकाणी खळगे पडलेले दिसले, तर चाक असे नाचत असल्याची ती खूण समजावी.

अकोल्याचा मे महिना हा तिसरा घटक. पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे येथे नवलाचे नाही. तापमान वाढले की तेलाची श्यानता घटते. त्यात हवा मिसळून फेस झाला की दट्ट्याला काही अंतर विरोधच होत नाही. वायुदाबाखाली तेल ठेवणारे अवमंदक याच दोषावरील उपाय म्हणून पुढे आले. परतवाड्याहून चिखलदऱ्याला घाटाने जाताना वळणामागून वळण येते, वजन क्षणोक्षणी एका बाजूकडून दुसरीकडे सरकते आणि फेसाळलेल्या तेलाचा उशिरा मिळणारा प्रतिसाद चालकाला जाणवतो.

निदान

बॉनेट दाबून सोडण्याची चाचणी सर्वांना ठाऊक आहे. ती हलक्या गाडीत फसवी असते, कारण रबरी बुशांचे घर्षणच छोट्या गाडीला थांबविण्यास पुरेसे ठरते. अंगावर तेलाचा पुसट ओलसरपणा असणे हा दोष नव्हे. थेंब गळत असतील तर तो आहे. दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असल्यास सील फार टिकणार नाही. काढलेला शॉकअप उभा धरून हाताने ओढावा व दाबावा. मध्येच रिकामी ढिलाई जाणवली तर त्याचे आयुष्य संपले आहे. ओढतानाचा विरोध दाबतानापेक्षा अधिक असणे साहजिक आहे, तशीच रचना केलेली असते. निश्चित उत्तर मात्र बल आणि वेग यांचा आलेख काढणारे यंत्रच देते.

प्रत्यक्ष बदली

काम सुरू करण्यापूर्वी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. स्प्रिंगची बैठक आट्यांची असल्यास किती आटे उघडे आहेत तेही मोजावे. नंतर गाडी जॅकने उचलून सांगाड्याखाली लोखंडी घोड्या लावाव्यात. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे हा जिवाशी खेळ आहे. फायबरग्लासच्या अंगाला जॅक लावल्यास अंग फुटते, म्हणून सांगाड्याची नळी शोधूनच टेकू द्यावा.

गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवल्यास दुसऱ्या दिवशीचा निम्मा त्रास वाचतो. स्प्रिंग शॉकअपभोवतीच असल्याने चाक लोंबकळत असतानाही ती दबलेली असू शकते. बैठक खाली फिरवून ती सैल करावी, अन्यथा स्प्रिंग दाबणारे साधन वापरावे. ते नसेल तर काम थांबवावे. वरचा नट सैल करताना दांडा फिरू लागला तर त्याला पकडीने धरण्याचा मोह होतो. चकाकत्या दांड्यावर उमटलेला पकडीचा एक ओरखडा नवे सील काही दिवसांत कापून टाकतो.

नवा शॉकअप घेताना त्याची पूर्ण उघडलेली व पूर्ण मिटलेली अशा दोन्ही लांब्या जुन्याशी ताडून पाहाव्यात. उघडी लांबी जास्त असेल तर चाक लोंबले असता ब्रेकची नळी ताणली जाते. मिटलेली लांबी जास्त असेल तर रबरी टेकणापूर्वीच दट्ट्या तळाला आदळतो आणि शॉकअप आतून फुटतो. दुहेरी नळीचा शॉकअप दुकानात आडवा पडून राहिलेला असतो व त्याच्या कार्यकक्षेत हवा शिरलेली असते. बसविण्यापूर्वी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबावा व ओढावा. असा शॉकअप उलटा बसवू नये. बदली नेहमी एका आसाच्या दोन्ही बाजूंची एकत्र करावी. एका बाजूला नवा व दुसऱ्या बाजूला जुना ठेवल्यास जोरात ब्रेक दाबताच गाडी एकीकडे झुकते.

सर्वाधिक दुर्लक्षित पायरी शेवटची आहे. बुशांचे बोल्ट चाके हवेत असताना घट्ट करू नयेत. तसे केल्यास गाडी जमिनीवर येताच रबर पिळले जाते, गाडी किंचित उंच राहते आणि बूश अकाली फाटतात. गाडी चाकांवर उभी करून, आसनांवर वजन ठेवूनच बोल्ट अंतिम घट्ट करावेत. ७०० किलोच्या गाडीत बसलेली दोन माणसे म्हणजे तिच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. सलूनमध्ये चालणारी हयगय येथे चालत नाही. माणसांना तासभर बसवून ठेवण्यापेक्षा सिमेंटची ५० किलोची पोती सोयीची, तीन पोत्यांत काम भागते. त्यानंतर आरंभी टिपलेली अंतरे पुन्हा मोजावीत. उंची बदलली असल्यास चाकांचे कोनही बदललेले असतात, म्हणून अलाइनमेंट तपासणे व हेडलाइटचा झोत जुळविणे क्रमप्राप्त ठरते. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर, म्हणजे अमरावतीहून अकोल्याला एक फेरी झाल्यावर, सर्व बोल्टांना पुन्हा एकदा पाना लावावा.