जपानी मंगातील मांजरे

मंगा म्हणजे जपानी पद्धतीची चित्रकथा. ती साप्ताहिकात किंवा मासिकात हप्त्याहप्त्याने येते आणि पुरेशी प्रकरणे साठली की साधारण दोनशे पानांच्या आटोपशीर पुस्तकात बांधली जाते. छपाई बहुधा काळ्या शाईतच असते. लढाया, खेळ, प्रेम, भय, इतिहास, स्वयंपाक असे नाना विषय मंगात येतात. मांजराची मंगा ही त्यातली एक स्वतंत्र आणि भरभक्कम शाखा आहे. तिच्यात फारसे काही घडत नाही. मांजर रिकाम्या खोक्यात जाऊन बसते, टेबलावरचा पेला पंजाने काठापर्यंत सरकवते, विकत आणलेली गादी सोडून जुन्या वर्तमानपत्रावर झोपते. तरीही वाचक पान उलटत राहतो, कारण मांजर आपल्या स्वभावाप्रमाणे वागत असते आणि घर चालवतो असे समजणारा माणूस त्याच्या तालावर नाचत असतो. या चित्रकथांतले हसू मांजरापेक्षा माणसावर अधिक असते.

चांदूर बाजारपर्यंत पोहोचलेले मांजर

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार हा कापूस, तूर आणि संत्र्यांचा तालुका. शेतकऱ्याच्या घरी मांजर असते ते कौतुकासाठी कमी आणि धान्याच्या पोत्यांना उंदीर लागू नयेत म्हणून जास्त. मात्र वऱ्हाडातल्याच काय, भारतभरातल्या मुलांना माहीत असलेले सर्वांत प्रसिद्ध जपानी मांजर एकही उंदीर धरत नाही. उंदीर दिसला की तेच भीतीने थरथरते. ते मांजर म्हणजे डोरेमॉन.

डोरेमॉन हे बाविसाव्या शतकातून आलेले यंत्रमांजर. एका यांत्रिक उंदराने त्याचे कान कुरतडले, म्हणून त्याला कान नाहीत आणि म्हणूनच उंदरांची धास्ती आहे. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने चित्रकथा काढणाऱ्या हिरोशी फुजिमोतो (१९३३–१९९६) यांनी ते घडवले. शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या सहा बालमासिकांच्या जानेवारी १९७०च्या अंकांत ते एकाच वेळी अवतरले. हे अंक डिसेंबर १९६९ मध्येच बाजारात आले होते. प्रत्येक मासिक वेगळ्या वयाच्या मुलांसाठी असल्यामुळे प्रत्येकातली गोष्टही वेगळी होती. पुढे ४५ पुस्तकांचा मूळ संच झाला, १९७९ पासून दूरचित्रवाणीवरची दीर्घ मालिका सुरू झाली आणि मार्च २००८ मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने डोरेमॉनला चलतचित्रांचा सांस्कृतिक राजदूत नेमले.

महाराष्ट्रात डोरेमॉन आला तो पुस्तकातून नव्हे, तर केबल आणि डिशच्या वाहिन्यांवरून, हिंदी बोलत. घरात वऱ्हाडी, शाळेत मराठी आणि कार्टूनमध्ये हिंदी अशी भाषांची वाटणी असलेल्या मुलांनी नोबिता, शिझुका, जियान आणि सुनियो यांना सहज आपलेसे केले. अभ्यासाचा कंटाळा, गृहपाठ राहिल्याची भीती, आईची बोलणी आणि गल्लीतला दांडगा मुलगा या गोष्टी समजून घ्यायला जपान माहीत असण्याची गरज नव्हती. डोरेमॉनकार फुजिमोतो यांच्या जोडीने काम करणाऱ्या चित्रकाराने, फुजिको ए. फुजिओ यांनी, 'निंजा हातोरी' निर्माण केली. तीही भारतात हिंदीतूनच घरोघरी गेली, आणि तिच्यात हातोरीच्या प्रतिस्पर्ध्याच्या दिमतीला एक काळे निंजा मांजर आहे. ही पात्रे मुळात छापील मंगातली आहेत, हे मात्र त्यांच्या अनेक चाहत्यांच्या गावीही नसते.

रेशीमकिड्यांपासून सोसेकीपर्यंत

जपानी चित्रांत मांजर मंगाच्या फार आधीपासून आहे. रेशमाच्या उद्योगात उंदीर हा मोठा शत्रू, कारण तो रेशीमकिडे खातो. त्यामुळे रेशीम पिकवणाऱ्या घरांत मांजराला मान होता. ज्यांना मांजर पाळणे जमत नसे, ते मांजराचे चित्र घरात लावत. त्या चित्राच्या धाकानेही उंदीर दूर राहतात अशी समजूत होती.

एकोणिसाव्या शतकात उतागावा कुनियोशी (१७९८–१८६१) या लाकडी ठशांच्या चित्रकाराने मांजराला विनोदात आणले. त्याला मांजरांचे वेड होते. १८४०च्या दशकाच्या प्रारंभी सरकारने साधेपणाच्या नावाखाली नटांची आणि गणिकांची चित्रे छापायला बंदी घातली. तेव्हा कुनियोशीने लोकप्रिय नटांच्या चेहऱ्यामोहऱ्याची मांजरे काढली. गिऱ्हाइकांना कोण कोण आहे ते कळत होते आणि कायद्याच्या दृष्टीने ती निव्वळ मांजरे होती. माणसाचे कपडे घालून माणसासारखे वागणारे मांजर ही कल्पना मंगाने तिथूनच पुढे नेली.

साहित्यात हे काम नात्सुमे सोसेकी यांनी केले. त्यांची 'मी एक मांजर आहे' ही कादंबरी १९०५–०६ मध्ये 'होतोतोगिसु' या मासिकात क्रमशः आली. तिचा निवेदक एका शिक्षकाच्या घरातले बिननावाचे मांजर आहे. ते मालकाच्या आळसावर, त्याच्या मित्रांच्या पांडित्यावर आणि नव्या काळाच्या ढोंगांवर तिरकस शेरे मारते. माणसांकडे मांजराच्या नजरेने पाहण्याची ही रीत आजच्या मांजर-मंगाचा कणा आहे.

चार चौकटी आणि मराठी ओळख

हलक्याफुलक्या मंगाचा सर्वांत सुटसुटीत प्रकार चार चौकटींचा असतो. चौकटी वरून खाली येतात. पहिलीत प्रसंगाची मांडणी, दुसरीत त्याची वाढ, तिसरीत अनपेक्षित वळण आणि चौथीत शेवट, असा त्यांचा क्रम. माचिको हासेगावा यांची 'साझाए-सान' ही या प्रकारातली सर्वांत गाजलेली मालिका. १९४६ मध्ये फुकुओकातील एका वृत्तपत्रात ती सुरू झाली आणि १९७४ पर्यंत चालली. युद्धोत्तर काळातल्या एकत्र कुटुंबाच्या या गोष्टींत तामा नावाचे पांढरे मांजर घरातलेच एक माणूस असल्यासारखे वावरते. तिच्यावर आधारलेली चलतचित्र मालिका १९६९ पासून सुरू आहे.

मराठी वाचकाला हा साचा परका नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून 'सकाळ'मध्ये रोज अशाच मोजक्या चौकटींत घर, शाळा आणि वाड्यातली मुले रंगवू लागला. त्यातही मोठी घटना नसते. चिंटूने जोशीकाकूंकडे चेंडू मागायला जावे आणि शेवटच्या चौकटीत त्याचीच फजिती व्हावी, एवढे पुरते. शब्दांवाचून हसवण्याची परंपरा त्याहूनही जुनी आहे. शि. द. फडणीस यांनी पन्नासच्या दशकात 'मोहिनी'साठी काढलेले एक मुखपृष्ठ प्रसिद्ध आहे. बसथांब्यावर एक तरुण आणि एक तरुणी उभी आहेत. एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी आहे, दुसऱ्याच्या कपड्यावर उंदरांची. त्या चित्राखाली एकही ओळ लागत नाही. मांजर-मंगा नेमकी याच गुणावर उभी आहे: सांगायचे ते चित्रच सांगते.

नावाजलेल्या मांजर-मंगा

१९७८ मध्ये युमिको ओशिमा यांनी 'वाता नो कुनि होशी' ही मालिका सुरू केली. तिची नायिका एक टाकून दिलेले पिल्लू आहे. मोठे झाल्यावर आपण माणूस होणार अशी तिची खात्री आहे, म्हणून चित्रकार तिला मांजराचे कान असलेल्या लहान मुलीच्या रूपात दाखवते. जगाला मात्र ती साधे पिल्लूच दिसते. या मालिकेला १९७९ मध्ये कोदांशा या प्रकाशनसंस्थेचा मंगा पुरस्कार मिळाला. पुढच्या जपानी चित्रकथांत मांजराचे कान लावलेल्या मुली जागोजागी दिसू लागल्या, त्यात या मालिकेचा मोठा वाटा आहे.

माकोतो कोबायाशी यांची 'व्हॉट्स मायकल?' १९८४ पासून कोदांशाच्या 'मॉर्निंग' या प्रौढांच्या साप्ताहिकात येऊ लागली. मायकल हा नारिंगी पट्ट्यांचा बोका. प्रत्येक गोष्ट थोडक्या पानांची असते आणि मायकल दर वेळी वेगळ्या घरात, वेगळ्या माणसांत असू शकतो. उडी चुकून तो खाली आपटला की खजील होऊन नाचू लागतो, जणू पडणे हाही नाचाचाच भाग होता. एका गोष्टीत मांजराला टरकणारा दणकट गुंड येतो. कोबायाशी मांजराची हाडे, उडी आणि आळस अगदी खऱ्यासारखे काढतात. त्यामुळे मांजर अचानक माणसासारखे वागले की गंमत दुणावते.

कोनामी कानाता यांची 'चीज स्वीट होम' २००४ ते २०१५ या काळात त्याच साप्ताहिकात आली आणि १२ पुस्तकांत पूर्ण झाली. आईपासून चुकलेले राखाडी पट्ट्यांचे पिल्लू योहेई नावाच्या लहान मुलाला सापडते. यामादा कुटुंब राहते त्या इमारतीत प्राणी पाळायला मनाई आहे. त्यामुळे पिल्लू लपवणे, त्याला शी-शूची सवय लावणे, त्याला पशुवैद्याकडे नेणे यांतून गोष्ट पुढे जाते. 'ची' नावाचे हे पिल्लू बोबडे बोलते, पण ते बोलणे फक्त वाचकाला कळते. घरातल्यांना नुसते म्याव ऐकू येते. हलकेपणाच्या आड आईची आठवण पुसट होत जाण्याची एक हुरहूरही आहे.

भयकथांसाठी ओळखले जाणारे जुंजी इतो यांनी आपल्या घरातल्या योन आणि मू या दोन मांजरांची रोजनिशी काढली आहे. भयकथेतल्याच ताणलेल्या रेषा, काळोख आणि विस्फारलेले डोळे त्यांनी इथे वापरले आहेत. फरक इतकाच की भीतीचे कारण पलंगावर येऊन बसलेले मांजर असते. शैली गंभीर आणि विषय क्षुल्लक, या विसंगतीतून हसू फुटते.

अलीकडच्या मालिकांत उमी साकुराई यांची 'अ मॅन अँड हिज कॅट' ठळक आहे. २०१७ मध्ये समाजमाध्यमावर सुरू झालेली ही कथा पुढे स्क्वेअर एनिक्सने पुस्तकरूपात आणली. दुकानात वर्षभर कोणीही न घेतलेले, किंमत उतरत गेलेले, चपट्या तोंडाचे मांजर आणि पत्नीच्या निधनानंतर एकटा पडलेला पियानोवादक यांची ती गोष्ट आहे. उतारवयातल्या पुरुषाचा एकटेपणा असा विषय मांजरामुळे हळुवार होतो.

पान कसे वाचावे

मूळ मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात. मराठी पुस्तकाची पाठ जिथे असते तिथून ती सुरू होते. पानावर सर्वांत वरची उजवीकडची चौकट आधी, मग तिच्या डावीकडची, आणि मग खालची ओळ. संवादाचे फुगेही याच क्रमाने घ्यायचे. भाषांतरांतही बहुधा हाच क्रम ठेवतात. 'ची'च्या इंग्रजी आवृत्तीत मात्र पाने उलटवून डावीकडून उजवीकडे केली आहेत आणि ती रंगीतही आहे, त्यामुळे नवख्या वाचकाला सोपी जाते.

काही खुणा ओळखीच्या झाल्या की वाचन वेग घेते. कपाळावरचा मोठा घामाचा थेंब म्हणजे अवघडलेपणा, फुगलेल्या शिरांची फुली म्हणजे राग, नाकाशी आलेला बुडबुडा म्हणजे गाढ झोप. आवाज चित्रातच मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात, आणि शांततेसाठीसुद्धा जपानीत ठरलेला ध्वनिशब्द आहे. कित्येक चौकटी पूर्ण मुक्या असतात. मांजर भिंतीकडे पाहते आहे, एवढेच तीन चौकटी दिसते. त्या घाईने ओलांडल्या तर विनोद हातचा जातो, कारण वाट पाहायला लावणे हाच त्याचा भाग असतो.

मिळवावे कसे, निवडावे कसे

मराठीतल्या वाचकाला मंगा मुख्यतः इंग्रजीतून वाचावी लागते. मोठ्या शहरांतली पुस्तकांची दुकाने आणि घरपोच विक्री हे छापील प्रतींचे मार्ग. मोबाइलवर वाचणाऱ्यांसाठी शुएइशा या जपानी प्रकाशनसंस्थेचे 'मंगा प्लस' हे ॲप जानेवारी २०१९ पासून आहे. त्यावर मालिकांची काही प्रकरणे इंग्रजीत विनामूल्य आणि अधिकृतपणे वाचता येतात. चोरून स्कॅन केलेल्या प्रतींचा पैसा चित्रकारापर्यंत पोहोचत नाही, आणि त्यांतले भाषांतरही अनेकदा कच्चे असते.

मुखपृष्ठावर मांजर आहे म्हणजे पुस्तक मुलांचेच, असे समजू नये. जपानमध्ये मंगाची विभागणी वाचकाच्या वयावरून होते: लहान मुले, किशोर मुलगे, किशोर मुली, प्रौढ पुरुष आणि प्रौढ स्त्रिया. 'व्हॉट्स मायकल?' आणि 'ची' या दोन्ही प्रौढांच्या साप्ताहिकातल्या, तरी 'ची' लहानांनाही चालते आणि मायकलच्या काही गोष्टी मोठ्यांच्या आहेत. इतोंची रोजनिशी लहानांना दचकवू शकते. म्हणून मुलांच्या हाती देण्याआधी मागच्या पृष्ठावरची वयाची सूचना पाहावी. प्राथमिक शाळेतल्या मुलांना 'डोरेमॉन' आणि 'ची', मोठ्या मुलांना मायकलच्या निवडक गोष्टी आणि प्रौढांना साकुराई, ओशिमा व इतो असा क्रम सोयीचा पडतो. इंग्रजीचा सराव नसलेल्यानेही 'ची'पासून सुरुवात करायला हरकत नाही: वाक्ये आखूड आहेत आणि अर्ध्याहून अधिक गोष्ट मांजराच्या शेपटीतून, कानांतून आणि डोळ्यांतूनच कळते.