सांताक्रूझच्या सावलीतलं जुहू

विलेपार्ले पश्चिमेला एस. व्ही. रोड आणि जुहू तारा रोड यांच्या मध्ये एक मोठं मोकळं मैदान आहे. भिंतीला लागून झोपड्या आहेत, पलीकडे बंगले आणि टॉवर आहेत, पश्चिमेच्या टोकाला रस्ता ओलांडला की थेट जुहूची वाळू. उपनगरात चौरस फुटाच्या भावाने माणसाची झोप उडते, तिथे एवढी जमीन रिकामी कशी राहिली, हा प्रश्न नवख्याला पडतोच. उत्तर सोपं आहे. ती रिकामी नाही. तो जुहूचा विमानतळ आहे, आणि १९२८ पासून तो कामावर आहे.

देशातला पहिला नागरी विमानतळ अशी जुहूची ओळख सांगितली जाते. पहिलेपणाचे दावे आपल्याकडे फार स्वस्त असतात, तेव्हा त्यात अडकून पडायला नको. वादापलीकडची गोष्ट अशी की इथे १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला, आणि याच क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक होता १.

पुढची हकिकत बहुतेकांना अर्धी ठाऊक असते. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जे. आर. डी. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एकटे निघाले. विमान होतं एका इंजिनाचं, छोटं पस मॉथ. सोबत प्रवासी नव्हते, टपालाची पोती होती. लंडनहून इम्पीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेलं टपाल तिथून पुढे मुंबई-मद्रासला पोचवायचं, हा करार टाटांनी सरकारशी केला होता. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरलं, तेही बैलगाडीतून आणलेल्या डब्यांमधून. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं. इथे नेव्हिल व्हिन्सेंट दुसरं विमान घेऊन तयार होते. भारतात टपालाची हवाई सेवा उभी करायची कल्पना मुळात या माजी ब्रिटिश लष्करी वैमानिकाचीच. ते टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. पहिल्या वर्षी या सेवेला साठ हजार रुपये नफा झाला. पुढे हिचीच टाटा एअरलाइन्स झाली आणि १९४६ मध्ये एअर इंडिया.

उरलेली अर्धी हकिकत पावसाची आहे. जुहूची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहे. मैदान कच्चं, मातीचं होतं. जूनमध्ये पाऊस लागला की भरतीचं पाणी आणि आभाळातलं पाणी दोन्ही मैदानात उतरायचं, चिखलात चाकं रुतायची. मग अख्खी विमान कंपनी बिऱ्हाड उचलून पुण्याला जायची. बिऱ्हाड तरी केवढं! तीन विमानं, दोन वैमानिक आणि तीन मेकॅनिक. पुण्यात येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या एका मैदानावरून उड्डाणं व्हायची, आणि पाऊस ओसरला की मंडळी परत जुहूला. आज पावसात विमान तासभर उशिरा सुटलं की आपण चिडतो. तेव्हा विमानतळच चार महिने गावाला जायचा.

पाण्याशी जुहूचं वैर अजून मिटलेलं नाही. इर्ला नाला याच परिसरातून समुद्राकडे जातो, आणि मोठ्या पावसात भरती आली की नाल्याला उतरायला वाव मिळत नाही. मुंबईत पाणी उपसून समुद्रात टाकण्यासाठी महापालिकेने बांधलेल्या पहिल्या मोठ्या उदंचन केंद्रांपैकी एक इर्ल्याला आहे, यात नवल काही नाही.

दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला ब्रिटिश हवाई दलाने पक्क्या धावपट्ट्या बांधल्या. युद्ध संपल्यावर मोठी विमानं आली, त्यांना लांब धावपट्टी लागायची, आणि १९४८ पर्यंत नागरी वाहतूक जुहूहून सांताक्रूझला गेली. जुहूहून सांताक्रूझ हाकेच्या अंतरावर, हवेतून पाहिलं तर फारच जवळ. एका घरात मोठा भाऊ कमावता झाला की धाकट्याकडे कोणी पाहत नाही, तसं जुहूचं झालं. इथे फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमानं, काही खासगी विमानं आणि दुरुस्तीची हँगर एवढंच उरलं.

तरीही मोठी विमानं अधूनमधून जुहूला यायची. चुकून.

धावपट्टीला जो आकडा असतो, तो होकायंत्रातल्या दिशेचा असतो. अंशांतलं शेवटचं शून्य काढलं की आकडा मिळतो. जुहूची मुख्य धावपट्टी ०८-२६, म्हणजे एका बाजूने ८० अंश आणि दुसऱ्या बाजूने २६०. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी ०९-२७. दिशेत फरक दहाएक अंशांचा. समुद्रावरून पूर्वेकडे तोंड करून उतरणाऱ्या वैमानिकाला आधी दिसतं ते जुहू, त्याच्या मागे सांताक्रूझ. खालून पुढे येणारी काळी पट्टी बघून वैमानिकाने विमान खाली आणलं, तर चूक लक्षात यायची तेव्हा उशीर झालेला असायचा. सांताक्रूझची पट्टी आज साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, जुहूची ११४३ मीटर.

जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश बी. ओ. ए. सी. कंपनीचं कॉमेट इथे असंच उतरलं. कॉमेट हे त्या काळातलं जगातलं पहिलं प्रवासी जेट, ताज्या दमाचं. ते उतरलं खरं, पण परत उडवायचं कसं हा प्रश्न होता. नऊ दिवसांनी ते उडवून नेण्यात आलं. पुढची वेळ तेवढी सुखाची नव्हती. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सचं लंडन-टोकियो मार्गावरचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं, धावपट्टी संपली तरी थांबलं नाही आणि पुढे घसरत गेलं. जीव कोणाचाही गेला नाही, विमान मात्र भंगारात गेलं. शंभरावर माणसं घेऊन आलेलं जेट पार्ल्याच्या वस्तीच्या उंबऱ्यावर येऊन थबकलं, हे नकाशा समोर धरून वाचलं की अंगावर काटा येतो.

योगायोग असा की जुहूला नवं आयुष्य मिळालं तेही जपानमध्ये बांधलेल्या एका यंत्रामुळे. 'सागर सम्राट' या तेलविहीर खोदणाऱ्या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राच्या तळाखाली तेल गाठलं. बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र सापडलं. समुद्रात मधोमध पोलादी फलाट उभे राहिले, त्यांवर माणसं राहू लागली, आणि त्या माणसांना ने-आण करायला हेलिकॉप्टर हवं होतं. हेलिकॉप्टरला धावपट्टीची लांबी कमी पडण्याचा प्रश्नच नाही. जुहू समुद्राला लागून आहे. कालपर्यंत जे वैगुण्य होतं, ते एकदम कामाला आलं.

१९८५ मध्ये सरकारने हेलिकॉप्टर महामंडळ स्थापन केलं, त्याचंच पुढे पवनहंस झालं. सुरुवातीला त्याने दोन जातींची हेलिकॉप्टरं घेतली: फ्रान्सची डॉफिन आणि ब्रिटनची वेस्टलँड-३०. वेस्टलँडची खरेदी ब्रिटिश मदतीच्या पैशावर झाली होती, आणि फुकटात मिळालं म्हणून घेतलेल्या वस्तूचं व्हायचं तेच तिचं झालं. अपघातांनंतर १९९१ पर्यंत ती सगळी जमिनीवर बसली. डॉफिन मात्र दशकानुदशकं टिकली. पवनहंसचा तळ जुहूला पडला आणि नाव इतकं रुळलं की जवळच्या स्मशानभूमीलाही लोक पवनहंस म्हणतात. हिंदी सिनेमातल्या मोठ्या माणसांच्या निधनाच्या बातम्यांत ते नाव आपण वाचतो, हेलिकॉप्टरचा मागमूस नसताना.

कामाची पद्धत शिस्तीची आहे. फलाटावर जाणारे कामगार-अभियंते साधारण दोन आठवडे समुद्रात आणि दोन आठवडे घरी असे राहतात. जायच्या दिवशी माणूस आणि त्याचं सामान दोन्हींचं वजन होतं, कारण हेलिकॉप्टरमध्ये प्रत्येक किलो मोजावा लागतो. लाइफ जॅकेट अंगात चढवावं लागतं. त्याआधी प्रत्येकाने पाण्यात उलटलेल्या केबिनमधून बाहेर पडायचं प्रशिक्षण घेतलेलं असतं. हवेत पाऊण ते एक तास, मग फलाटावरच्या वर्तुळात उतरायचं. जुहूचं उड्डाण सांताक्रूझच्या हवाई वाहतूक नियंत्रणाशी जुळवून घ्यावं लागतं. दोन्हीकडची हवा एकच आहे.

हे काम निर्धोक नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेलं पवनहंसचं डॉफिन समुद्रात कोसळून सातही जण गेले. २८ जून २०२२ रोजी दुसरं हेलिकॉप्टर फलाटाजवळ पाण्यात पडलं, नऊपैकी चौघे दगावले. तेलाच्या किमतीवर वाद घालताना हे आकडे कोणी काढत नाही.

फ्लाइंग क्लबचं शिकवणं आता मुख्यतः धुळ्याला चालतं. सांताक्रूझच्या गर्दीच्या आकाशाखाली शिकाऊ विमान घिरट्या घालू शकत नाही. धावपट्टी समुद्रात वाढवून मोठी विमानं आणायचे बेत मधूनमधून ऐकू येतात. माझ्या मते ते विसरलेले बरे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आहे, मोठ्या विमानांची सोय तिथे होईल. जुहूने आजवर तग धरला तो लहान राहिल्यामुळे. मोठ्याला जे परवडत नाही, ते काम तो करत आला.

जे. आर. डी. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, पुन्हा छोटं विमान घेऊन कराचीहून जुहूला उतरले. २०२१ मध्ये त्याच तारखेला मुंबईची आरोही पंडित भुजहून अहमदाबादमार्गे इथे एकटी आली. इतर वर्षी मात्र ही तारीख पार्ले-अंधेरीत कोणाला आठवत नाही. या विमानतळाची मालकी विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. त्यांच्याकडे एकच मागणं आहे: वर्षातून एक दिवस, १५ ऑक्टोबरला, सुरक्षेची सगळी काळजी घेऊन का होईना, उपनगरातल्या शाळांच्या मुलांसाठी जुहूचं फाटक उघडा. हँगर दाखवा, वजनकाटा दाखवा, धावपट्टीवरचा आकडा वाचायला शिकवा. खर्च फारसा येणार नाही.