बासरचा दिनविशेष

गोदातीरीच्या बासरने दिनविशेषात शोभाव्यात अशा तारखा पुष्कळ पाहिल्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानी मुलूख विभागला. नांदेड मुंबई राज्यात, तर बासर आंध्र प्रदेशात गेले. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, २०१६ साली आदिलाबादऐवजी निर्मळ जिल्हा लागला. सरस्वतीपुढे मुलांचा अक्षरारंभ मात्र चालूच आहे; वसंतपंचमीस तर रीघ लागते. देवीच्या अंगावरची हळद भाविक बुद्धीसाठी प्रसाद म्हणून खातात.

माझे वडील दरबारी गवई. दरबार गेले, ती तारीख इतिहासात आहे; शिष्याने पहिला षड्ज लावल्याची कुठेच नाही. वाचकहो, नातवंडाच्या पहिल्या अक्षराची तिथी तेवढी घरच्या वहीत टिपून ठेवा.