आधी पाणी, मग गॅस

गेल्या महिन्यात नववीच्या भूगोलाच्या तासाला एका मुलीने विचारले, "सर, आपल्या शहडोलला कोळशातून गॅस काढतात, मग कोळसा जाळायचाच कशाला?" घंटा झाली आणि उत्तर अर्धेच राहिले, म्हणून येथे लिहितो.

कोळशाच्या थरात मिथेन वायू असतो. तो पोकळीत साठलेला नसतो, तर कोळशाच्या अतिसूक्ष्म छिद्रांना चिकटलेला असतो आणि भेगांतले पाणी त्याला दाबून धरते. सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर वायू सुटतो, तसेच काहीसे. (उपमा पुरती चपखल नाही, विज्ञानाच्या शिक्षकांनी क्षमा करावी.) त्यामुळे विहीर खोदली की गॅस येत नाही, पाणी येते. महिनोन्‌महिने पाणी उपसावे, तेव्हा दाब उतरतो आणि गॅस हळूहळू वाढतो. शिवाय एका विहिरीतून मिळतो थोडाच, म्हणून विहिरी शेकड्यांनी लागतात. मग तितक्या जागी जमीन, रस्ता आणि नळ. सोहागपूरचे दोन ब्लॉक रिलायन्सला २००१ च्या फेरीत मिळाले. उत्पादन सुरू व्हायला २०१७ उजाडले. गॅस उत्तर प्रदेशातील फूलपूरपर्यंत नेण्यासाठी सुमारे ३०० कि.मी. पाइपलाइन टाकावी लागली.

खरी अडचण मला पाण्याची वाटते. कोळशाच्या थरातले पाणी बरेचदा खारट असते, त्यात सोडियम जास्त. ते तसेच शेतात सोडले तर काळी माती घट्ट बसते. म्हणून ते शुद्ध करावे लागते आणि त्याला खर्च येतो. गावच्या विहिरी वरच्या थरांतल्या, गॅसच्या शेकडो मीटर खोल. मधले थर पोलादी नळ व सिमेंटने बंद करतात. तरीही "माझी विहीर आटेल का?" असे शेतकरी विचारतो, ते हसण्यावारी नेऊ नये. खोदाईपूर्वीच गावातील विहिरींची पातळी मोजून लिहून ठेवली असेल, तरच पुढे त्याला उत्तर देता येते.

मग एवढा खटाटोप कशाला? हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. १९५८ मध्ये राणीगंज भागातील चिनाकुरी खाणीत अशाच स्फोटात दीडशेहून अधिक कामगार गेले. खाणकामाआधी गॅस काढून घेतला तर हा धोका कमी होतो. शिवाय तेवढ्याच उष्णतेसाठी मिथेन जाळल्यास कोळशाच्या जवळपास निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो. मात्र मिथेन न जळता गळाला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून अधिक उष्णता धरतो.

त्या मुलीला इतकेच सांगतो: गॅस काढला तरी कोळसा खालीच राहतो, आणि तो खणायचा की नाही हा निर्णय वेगळा.

शहडोल, अनूपपूरकडे ज्या पालकांचे नातलग आहेत, त्यांनी तिथल्या विहिरींविषयी शाळेला जरूर लिहावे. मुलांना वाचून दाखवू.

— प्राचार्य