आत्याचा प्रश्न आणि माझा टीएसएच

दिवाळीला माहेरी, चारठाण्याला गेले की एक प्रश्न ठरलेला. गेल्या वेळी आत्याने तो चकल्या तळता तळता विचारला. "का गं पोरी, अजून काहीच नाही व्हय?"

लग्नाला चार वर्षं झाली होती. पुण्यात आयटीतली नोकरी, फ्लॅटचा ईएमआय, सगळं वेळेवर. पाळी तेवढी वेळेवर नाही. दीड-दीड महिना यायची नाही. केस गळायचे, ऑफिसच्या एसीत सगळ्यांच्या आधी मला हुडहुडी भरायची, दुपारी तीनला डोळे मिटायचे. वजन वाढलं तेव्हा दोष दिला कॅण्टीनच्या वड्यांना! एका डॉक्टरांनीही 'स्ट्रेस कमी करा' म्हणून घरी पाठवलं. दोन वर्षं अशीच गेली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत टीएसएच करायला लावली. आकडा आला 14. साधारण चार-साडेचारपर्यंत ठीक असतो.

गळ्यातली ही फुलपाखरासारखी ग्रंथी मंदावली की तिला जागं करायला मेंदूतून टीएसएच जास्त सुटतं. सोबत कधी कधी प्रोलॅक्टिनही वाढतं आणि बीज बाहेर पडणं अडतं. गर्भ राहिलाच, तर तो पडण्याची भीतीही वाढते. यात एकटीच आहे असं वाटत होतं मला. पण 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईसह आठ शहरांतल्या पाहणीत सुमारे 11 टक्के प्रौढांचा थायरॉइड मंद निघाला होता. बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त.

उपाय म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी. चहा अर्ध्या-पाऊण तासाने (हेच सगळ्यात कठीण), लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, कारण डोस वाढवावा लागतो. पहिले तीन महिने बाळ आईच्याच हार्मोनवर असतं. आणि हो, थायरॉइडची गोळी म्हणजे मूल होण्याची गोळी नव्हे. थायरॉइड नॉर्मल, फक्त अँटिबॉडीज सापडलेल्या बायकांना ती देऊन पाहिली. 2019 मधल्या ब्रिटिश अभ्यासात फायदा दिसला नाही. नवऱ्याची तपासणीही तेव्हाच करून घ्या. आमच्याकडे त्यालाच सहा महिने लागले!

पहाटे मला गोळी घेताना आत्याने पाहिलं. तिला मूल नाही. जुन्या दगडी मंदिरांचं आमचं गाव, नवसांना तोटा नव्हता. तिने सगळे केले. लोकांनी नावं ठेवली ती वेगळीच. रक्त मात्र कुणी तपासलं नाही.

"थंडी तर मलाबी लई वाजायची गं. पाळीचं बी असंच. मलाबी तेच होतं का?"

काय सांगणार? तेव्हाचं आता कुणालाच सांगता येणार नाही. भाऊबीज झाल्यावर तिला जिंतूरला नेऊन रक्त दिलं. तिचा टीएसएच निघाला 22.

आता तिचीही गोळी सुरू आहे. माझा आकडा 2.1 वर आलाय, पाळी महिन्याला येते, बाकी अजून काही नाही. आत्याचा फोन आला की विचारते, "गोळी घेतली का गं?" तो दुसरा प्रश्न तिने पुन्हा विचारलेला नाही.